आत ओढलेला होकार

माझ्या नवऱ्यानं लग्नापासून आजवर मला एकदाही तोंड उघडून 'हो' म्हटलेलं नाही. आणि त्या लोविसाला तो एका दुपारीत पन्नास वेळा म्हणायचा. ठणठणीत, भिंतीपलीकडे मला ऐकू येईल असा. माझ्या पोटात नेमकं काय दुखत होतं ते कळायला आधी एवर्ट कळायला हवा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

एवर्ट इथलाच, देशाच्या पार उत्तरेकडच्या विंडेल नदीच्या काठचा. आमच्याकडे माणसं मुळातच कमी बोलतात, आणि 'हो' तर बोलतच नाहीत. ओठांचा चंबू करायचा, भुवया जराशा वर न्यायच्या आणि हवा आत ओढायची. श्शुप्. झाला होकार. दक्षिणेकडची माणसं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं, समोरच्याला धाप लागली. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. जे श्वासात भागतं त्याला आवाज कशाला खर्च करायचा? एवर्टचं घराणं तर त्यातही चिक्कू. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा त्याच्या वडिलांनी अख्ख्या जेवणात "मीठ" एवढंच म्हटलं होतं, आणि घरी परतताना एवर्ट म्हणाला, "बाबांना तू आवडलीस."

लग्नाच्या दिवशी पाद्री नेमके नवीन, दक्षिणेतून आलेले. त्यांनी विचारलं, हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का. एवर्टनं श्वास आत ओढला. पाद्री वाट बघत राहिले. मग पुन्हा विचारलं. एवर्टनं पुन्हा ओढला, थोडा जोरात. पाद्र्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं पोरगा ऐन वेळी कच खातोय. शेवटी पहिल्या बाकावरून माझे वडील म्हणाले, "पाद्रीबुवा, दोनदा हो म्हणाला की तो. किती वेळा म्हणायचं माणसानं?" चर्चमध्ये हशा पिकला. पाद्र्यांना जे ऐकू आलं नाही ते मला आलं होतं, याचा मला तेव्हा कोण अभिमान! पुढे कित्येक वर्षं एवर्टचा तो श्वास मला चालू नळाखालीसुद्धा ऐकू यायचा, मधे दोन खोल्या असल्या तरी.

त्याचं सगळं आयुष्य जंगलात गेलं. तरुणपणी हातातली मोटरची करवत, नंतर झाडं तोडणाऱ्या मोठ्या यंत्राची केबिन. दोन बर्चच्या झाडांमधून पाइनचा ओंडका असा काढायचा की बर्चच्या सालीला ओरखडा नाही. पण करवतीच्या थरथरीनं तोवर घात केला होता. आमच्याकडे त्याला पांढरी बोटं म्हणतात. थंडी पडली की बोटं खडूसारखी पांढरी होतात आणि त्यांतली जाणीव जाते. एवर्टच्या डाव्या हाताची दोन तर कायमची मुकी झाली. निवृत्त झाल्यावर दवाखान्यातली बाई म्हणाली, बोटांना काम देत राहा, नाहीतर उरलेलीही आखडतील. मी त्याला विणकाम सुचवलं. त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की मी लोकर परत पिशवीत ठेवली.

मग जावई, म्हणजे आमच्या उल्रिकाचा नवरा, उमेओ शहरातून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेऊन आला. दोन्ही हातांत धरायचा त्याचा तो कंट्रोलर एवर्टला काही जमेना. जी बटणं दाबायची ती नेमकी मुक्या बोटांखाली. एवर्टनं आठवडाभर सोसलं आणि मग ते उचलून कपाटात ठेवलं. पुढच्या खेपेला जावयानं स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणला, आणि तिथून माझ्या घराला घरघर लागली.

आता मनात कितीही आग असली तरी खरं ते खरं. कॉम्प्युटरवरच्या मारधाडीच्या खेळात एक गोष्ट भली आहे: कुठलं काम कुठल्या बटणाला द्यायचं हे आपण ठरवायचं. एवर्टनं मुक्या बोटांना सुट्टी दिली, पळणं अंगठ्याकडे दिलं, दार उघडणं माउसच्या बाजूच्या बटणाकडे दिलं. आणि नेम तर उजव्या मनगटाचा, तिथं कोण हात धरणार त्याचा! कंट्रोलरवाले बंदूक फिरवतात ती पातेल्यात लापशी ढवळल्यागत. माउसवाला नुसतं बोट दाखवतो. शिवाय यंत्र जुनं झालं म्हणून फेकायचं नाही, एकेक भाग बदलत राहायचं, कुऱ्हाडीला नवा दांडा बसवावा तसं. आणि इंटरनेटची फायबर तर आम्ही गावकऱ्यांनीच खणून घातली होती, एवर्टनं स्वतः खड्डे खणले होते. शहरात खेळ अडकतो, आमच्या जंगलात अडकत नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. जळत्या माणसाला जेवढं नीट दिसतं तेवढं शाळेत बसून दिसत नाही.

वाईट गोष्टी सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. तो खेळ मधे थांबवता येत नाही, ही पहिली. पलीकडे माणसं असतात, त्यांना काय सांगणार, थांबा, बायकोनं पाल्ट केलेत? पाल्ट म्हणजे बटाट्याचे गोळे, आत खारं डुकराचं मांस. ते लोण्याबरोबर गरमच खायचे. गार झाले की दगड. मी वाढायची आणि आतून आवाज यायचा, "जरा थांब." हा शब्द मात्र त्याला तोंडानं म्हणता यायचा. दुसरी, खेळायला बसावं तर यंत्र म्हणतं, आधी मला नवीन माल उतरवू दे, तासभर बस बोंबलत. तिसरी, त्या यंत्राचा घोंघावणारा पंखा. चौथी, लबाड लोक. काही जण भिंतीपलीकडचं दिसेल अशी चोरटी सोय बसवून खेळतात, आणि एवर्ट, ज्यानं जन्मात कुणाच्या हद्दीतलं झाड कापलं नाही, तो संतापानं लालबुंद व्हायचा. आणि गोष्ट काय त्या खेळात? दार, बंदूक, धाड. पुढचं दार, पुन्हा धाड.

मी एकदा खेळून बघितलं. म्हटलं, घरातला माणूस परका होत असेल तर आपणच त्याच्या मागे आत शिरावं. पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागलं आणि मी बादली जवळ केली. एवर्ट म्हणाला, "लोविसा म्हणते, पडद्यावर बाजूचं जास्त दिसेल असं करून घ्यायचं. मग मळमळत नाही."

"लोविसाला म्हणावं, माझी मळमळ वेगळी आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा त्या खुर्चीला शिवले नाही.

चौघांचा तो चमू. दोघे गोथेनबर्गचे भाऊ, चाळिशी गाठलेले, एवर्ट, आणि ही बया. राहणार पार दक्षिणेच्या टोकाला, स्कोनेत. सकाळी बस चालवते, दुपारी मोकळी. घशातून गुळण्या केल्यासारखा त्यांचा तो 'र', आणि हसणं असं की हेडफोन टेबलावर काढून ठेवला तरी स्वयंपाकघरात पोचायचं. खेळात एखादं घर असतं, आत दबा धरून शत्रू. एकानं दार धरायचं, बाकीच्यांनी आत घुसायचं. दार धरायचं काम एवर्टचं. लोविसा विचारायची, दार धरलंस का? आणि एवर्ट म्हणायचा, "हो." मागे लक्ष आहे का? "हो." जाऊ का आत? "हो, हो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं, आत दुसरंच कुणी बसलंय. दारातून डोकावले तर एवर्टच. पाठ ताठ, कान लाल, आणि पोराटोरांसारखा हो हो करतोय. देवाच्या दारात पाद्र्यानं दोनदा विचारून ज्याच्या तोंडून निघालं नाही, ते एक बसवाली फुकटात घेऊन जात होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि माझ्या वाट्याला काय? काहीच नाही. पूर्वीचा तो श्वासही बंद झाला. मी स्वयंपाकघरातून विचारायची, एवर्ट, कॉफी घेतोस? शांतता. एवर्ट, रविवारी उल्रिकाकडे जायचं? शांतता. मी काही विचारलं तर हा तोंडात मूग गिळून बसतो, याची मला हळूहळू खात्रीच पटली. तसं ते सगळं वर्षच विचित्र होतं. ओव्हन बिघडला होता. वेळ झाली की शिट्टी वाजायची ती वाजेनाशी झाली आणि माझे वेलचीचे पाव दोनदा करपले. रानातले बारके पक्षी तर वसंतात आलेच नाहीत. उल्रिका आली की टीव्हीचा आवाज कमी करायची आणि मी तो पुन्हा वाढवायची. हल्लीचे नट पुटपुटतात.

खरी ठिणगी पडली ती ऑक्टोबरात. उमेओत उल्रिकाच्या घराजवळ, म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत आमची नावं मीच कधीपासून रांगेत घालून ठेवली होती. जिना नको, बर्फ उपसणं नको, नातवंडं चालत येतील. एवर्टला जंगल सोडवायचं नाही हे ठाऊक होतं, म्हणून मी विषय लांबवत होते. मग एक दिवस त्यांचा फोन आला, दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय, जूनपासून मिळेल, आठवड्यात कळवा. मी कॉफी उकळायला ठेवली, वाटीत कॉफीत भिजवून खायचे चीजचे तुकडे टाकले, आणि त्याच्याकडे पाठ करूनच विचारलं. समोरासमोर विचारायचा धीर नव्हता. "एवर्ट, उमेओचं घर मिळतंय. माझ्याबरोबर येशील का?"

कॉफी उकळत होती. मी वाट बघितली. चांगली पुष्कळ बघितली. मागून काही आलं नाही. वळले तेव्हा तो उठून, हेडफोनकडे चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या लोकांना फोन केला आणि नाही म्हणून कळवलं. एवर्टला काही बोलले नाही. ज्याला मला उत्तर द्यावंसं वाटत नाही त्याला मी तरी कशाला सांगत बसू?

मग एकेक पुरावा जमत गेला. डिसेंबरात त्यानं बर्फावरची स्कूटर विकली. त्याची लाडकी स्कूटर! मी विचारलं, का रे? म्हणाला, "आता लागणार नाही." म्हटलं बरोबर, खुर्चीतून उठायचंच नसेल तर स्कूटर कशाला? नंतर टपालानं खोकं आलं, स्कोनेहून. आत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र भराभर काढणारा तो कॉम्प्युटरचा भाग. लोविसानं नवीन घेतलं आणि आपलं जुनं याला पाठवलं. म्हणजे आता दुसऱ्या बाईची वस्तू माझ्या घरात, माझ्या विजेवर तापत बसणार. आणि खोक्यात वर हातानं विणलेले मोजे, एवर्टच्या मापाचे. विणकाम! मी ते कपाटात इतके मागे सारले की अजून त्याला सापडले नसतील.

पण खरा घाव बसला तो मार्चअखेर. आमच्याकडे पुढच्या हिवाळ्याची लाकडं आदल्या वसंतात फोडतात. उन्हाळाभर वाळायला हवीत ना. ज्याची लाकडं मे महिन्यात रचलेली नाहीत त्या घरात माणूस मेलंय किंवा दारूला लागलंय, असं गाव समजतं. एवर्टनं मी आल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा लाकूडखोली अर्धी रिकामी आणि हा तिकडे फिरकेना. शेजारच्या सिक्सतेननं मला हटकलंच. "काय मायवोर, एवर्ट बरा आहे ना? कुऱ्हाड ऐकू नाही आली."

"बरा आहे," मी म्हटलं. "दारं धरतोय."

मला हसू आलं नाही. घरी येऊन बाकावर बसले आणि रडले. मला वाटलं, पुढचा हिवाळा माझ्याबरोबर काढायचाच नाही या माणसाला.

एप्रिलमधली एक दुपार. सिक्सतेनची गाडी चिखलबर्फात रुतली म्हणून एवर्ट खेळ संपल्या संपल्या ढकलायला गेला. हेडफोन टेबलावर आणि त्यातून तिचं गुळण्यांचं हसणं. माझा तोल सुटला. तरातरा गेले आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

आणि आधी दचकलेच. कानात कुणीतरी धापा टाकत होतं. ती मीच होते. त्या हेडफोनच्या माइकमध्ये जे शिरतं ते आपल्या स्वतःच्या कानातही वाजतं. खुर्ची करकरली, तेही मोठ्यानं. खिडकी उघडी होती. पागोळ्या टपटपत होत्या, आणि कुठेतरी एक बारका पक्षी एकसारखा किलबिलत होता. इतक्या दिवसांनी कुठून आला हा, असं मनात आलं.

"एवर्ट?" लोविसा म्हणाली. "आलास?"

"एवर्ट नाही. त्याची बायको."

"अय्या, मायवोर! कधीचं बोलायचं होतं मला तुझ्याशी. मोजे बसले का त्याला?"

"मोज्यांचं राहू दे. मला एवढंच सांग, तू काय जादू केलीस की तो तुला हो म्हणतो?"

ती जी हसली. मग माझा सूर ओळखून थांबली. "जादू कसली, बाई. पहिले कितीतरी दिवस आम्ही त्याच्यापायी मरत होतो. विचारावं, दार धरलंस का, तर हा गप्प. आम्ही समजायचो की दार धरलेलं नाही, आणि भलतीकडून आत जाऊन गोळ्या खायचो. एकदा मी चिडले तर म्हणतो, हो म्हटलं होतं की! मग कळलं, तुम्ही उत्तरेचे लोक हवा ओढता ना, तसं करत होता. आणि आमच्या या बोलायच्या प्रोग्रॅमला श्वास म्हणजे वारा वाटतो. इकडे पाठवायच्या आधीच टाकून देतो तो."

"मग?"

"मग काय, त्याला शिकवलं, बाबा रे, तोंडानं म्हण. स्वतःचा आवाज कानात वाजायची ती सोय त्यासाठीच चालू केली त्यानं, नीट म्हटलं की नाही ते कळायला. मी विचारलंसुद्धा, घरी कसं करतोस रे? तर म्हणाला, घरी गरज नाही, मायवोरला ऐकू येतं."

 कानात माझाच श्वास वाजत होता.

"आता जूनमध्ये उमेओला गेलात की तिथली लाइन कशी असेल कुणास ठाऊक," लोविसा सांगत होती. "त्याला हीच काळजी. स्कूटर विकली, लाकडं फोडायची राहिली नाहीत, म्हणतो नुसता मोकळा बसलोय. घर छान आहे का गं?"

तेवढ्यात एवर्ट आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. मला त्याच्या खुर्चीत, हेडफोनसकट बघून दारातच उभा राहिला.

"एवर्ट," मी म्हटलं, "ऑक्टोबरात मी तुला उमेओचं विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तू काय उत्तर दिलंस?"

"दिलं की."

"आता दे. इथं येऊन दे." मी उठले, त्याच्याजवळ गेले आणि माइकची दांडी त्याच्या तोंडाकडे वळवली. त्याला वाटलं असणार, बायको कामातून गेली. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग भुवया जराशा वर गेल्या.

श्शुप्.

दोन्ही कानांत. चर्चमध्ये आला होता तसा. त्यानंतर मला पक्षी आठवले, ओव्हनची शिट्टी आठवली, टीव्हीचा आवाज कमी करणारी उल्रिका आठवली, आणि माझ्यामागे टेबलाशी बसलेला हा माणूस आठवला, कोण जाणे किती वेळा हो म्हणून झालेला.

"मी त्यांना नाही कळवलं रे," मी म्हटलं. "ऑक्टोबरातच. घर दुसऱ्या कुणाला गेलं."

 एवर्टची नजर अंगणापलीकडे, रिकाम्या लाकूडखोलीवर गेली. "का?" त्यानं विचारलं.

"तू काही बोलला नाहीस असं वाटलं. मला ऐकू येत नाही, एवर्ट. आत्ता कळतंय."

त्यानं बूट काढायला सुरुवात केली, मग थांबला आणि पुन्हा घातले. फोडायचे ओंडके हिवाळ्यातच बर्फावरून स्कूटरनं ओढून आणायचे, ते यंदा आणलेच नव्हते, आणि आता झाड पाडून फोडलं तरी लाकूड हिवाळ्यापर्यंत ओलंच राहणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. तो बाहेर जायला वळला तशी मी त्याची बाही धरली. माझे कान अजून त्या हेडफोनमध्येच होते, आणि ते काढायची माझी हिंमत होत नव्हती.

"मी पुन्हा नाव घालते रांगेत," मी म्हटलं. "पण पुढचा हिवाळा इथंच, ओल्या लाकडांवर, धुरात काढावा लागेल. एका बहिऱ्या बाईबरोबर. काढशील?"

एवर्टनं उत्तर दिलं.

"काय म्हणाला गं?" लोविसानं कानात विचारलं. "मायवोर? इकडे काहीच नाही आलं."

"येणारही नाही," मी म्हटलं.